आजारातून उठताना वाढलेल्या टीएसएचला गोळीची घाई नको

मा. संपादक,
स. न.

वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत थायरॉइडवर पुष्कळ छापून येते. लक्षणांची एक यादी असते, टीएसएचची, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या हार्मोनची, ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी मर्यादा दिलेली असते आणि आकडा त्यापुढे गेला की थायरॉइडचा विकार समजावा, असा एकूण सूर असतो. धडधाकट माणसाच्या बाबतीत हा हिशेब ढोबळमानाने चालून जातो. पण ही तपासणी पुष्कळदा होते ती माणूस मोठ्या दुखण्यातून उठत असताना. न्यूमोनिया, डेंग्यू, एखादी मोठी शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभागातला मुक्काम. घरी येऊन महिना होत आला तरी अंगात त्राण नसते, म्हणून रक्ताच्या तपासण्यांची लांबलचक यादी निघते आणि तीत टीएसएच असतोच. तो ६.८ येतो. रिपोर्टवर आकड्याशेजारी वाढल्याची ठळक खूण असते आणि त्याच दिवशी थायरॉक्सिन या थायरॉइड हार्मोनची २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू होते. पुढे ती थांबवायचे कोणाच्या मनातही येत नाही. नेमक्या या परिस्थितीत काय तपासावे, किती थांबावे आणि कोणी मुळीच थांबू नये, एवढ्यापुरते हे पत्र आहे.

आजारपणात शरीर थायरॉइडचा कारभार आपणहून मंदावते. ग्रंथी मुख्यतः टी-४ (थायरॉक्सिन) हे हार्मोन तयार करते, शरीरात इतरत्र त्याचे टी-३ होते आणि पेशींमधले प्रत्यक्ष काम टी-३ करतो. जोराचा संसर्ग, शस्त्रक्रिया, हृदयविकाराचा झटका, इतकेच काय नुसता उपास जरी लांबला, तरी हे रूपांतर पहिल्या दिवसापासूनच कमी होऊ लागते. टी-४ची वाट वळते आणि त्यापासून ‘रिव्हर्स टी-३’ हे निष्क्रिय रूप जास्त तयार होते. दुखणे गंभीर असेल तर खुद्द टी-४ची पातळीही खाली येते. एरवी एवढी घसरण झाली असती तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने टीएसएच भराभर वाढवला असता. आजारात ती गप्प बसते. टीएसएच नेहमीसारखा राहतो किंवा उलट कमीच होतो. थायरॉइड ग्रंथीत मात्र या काळात कसलाही दोष नसतो.

माणूस बरा होऊ लागला की पिट्युटरी पुन्हा कामाला लागते. आटलेला साठा भरून काढायचा तर थायरॉइडला जास्त काम सांगावे लागणार, म्हणून टीएसएच काही काळ मर्यादेच्या वर जातो. ही वाढ बहुधा ५ ते १० या टप्प्यात असते, पण क्वचित २०च्या आसपासही पोहोचते. टी-४ आणि टी-३ पूर्ववत झाले की टीएसएच आपोआप उतरतो. सर्वसाधारणपणे बरे झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्त दिले तर सापडणारा वाढीव आकडा हा बऱ्याचदा प्रकृती सुधारत असल्याचाच भाग असतो.

फसगत होते ती इथे. त्या आठवड्यात गोळी सुरू केली, दोन महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासला आणि तो २.१ आला, तर डॉक्टर, रुग्ण आणि घरचे सगळेच म्हणतात, गोळी लागू पडली. गोळी घेतली नसती तरी तो तिथेच आला असता, हे सांगायला कोणतीच तपासणी उरत नाही. थकवाही याच दोन महिन्यांत ओसरलेला असतो, त्याचे श्रेयही गोळीलाच जाते. पुढे दर वर्षी टीएसएच ‘नॉर्मल’ येतो, आणि नॉर्मल येतो म्हणूनच गोळी चालू राहते. उपचार गरजेचा होता की नव्हता याचा पुरावा पहिल्याच चिठ्ठीने पुसून टाकलेला असतो. म्हणून सीमारेषेवरच्या रिपोर्टमध्ये आकड्याइतकीच तारीख महत्त्वाची. ताप कधी उतरला, रुग्णालयातून कधी सोडले आणि रक्त कधी दिले, या तीन तारखा समोर ठेवल्याशिवाय ६.८चा अर्थ लावूच नये.

तारखांच्या जोडीला औषधे पाहावीत. रुग्णालयात दिलेल्या कितीतरी औषधांची छाप थायरॉइडच्या रिपोर्टवर पडते. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड्स आणि रक्तदाब सावरण्यासाठी शिरेतून दिलेले डोपामिन टीएसएच दाबतात. उलटी थांबवणारी मेटोक्लोप्रामाइड आणि डॉम्पेरिडोन ही औषधे तो थोडा वाढवू शकतात. रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिनचे इंजेक्शन चालू असताना घेतलेल्या नमुन्यात फ्री टी-४, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेला मोकळा टी-४, खोटाच वाढलेला दिसू शकतो, कारण नमुना ठेवलेल्या नळीत स्निग्धाम्ले सुटी होतात आणि ती टी-४ला प्रथिनांपासून मोकळा करतात. शरीरात असे काही घडलेले नसते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी देतात त्या अमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते, आणि पहिल्या तीन महिन्यांत त्यामुळे टीएसएच तात्पुरता वाढणे नेहमीचे आहे. कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त औषध) देऊन काढलेला सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी तर हमखास विसरली जाते. कॉन्ट्रास्टच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० ग्रॅमच्या आसपास आयोडीन असते. त्यातले बहुतेक रेणूंमध्ये घट्ट बांधलेले असते आणि लघवीवाटे निघून जाते, पण सुटा होणारा अंशसुद्धा १५० मायक्रोग्रॅमच्या रोजच्या गरजेच्या कैक पट भरतो. एवढे आयोडीन एकदम आले की थायरॉइड काही काळ हात आखडता घेते. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते, आधीच कमकुवत असलेली ग्रंथी काही आठवडे रेंगाळते. म्हणून डिस्चार्ज कार्ड रिपोर्टसोबत न्यावे. तोंडी विचारले तर ‘एक स्कॅन केला होता’ एवढेच आठवते.

बायोटिन या ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वाबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. मोठ्या तापानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. आजाराच्या धक्क्याने बरेचसे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ते सगळे एकदम सुटतात, एवढेच त्यामागचे कारण. बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत हे गळणे आपोआप थांबते. पण केसगळती थायरॉइडच्या यादीतही असते. त्यामुळे एकीकडे थायरॉइडची तपासणी होते आणि दुसरीकडे केसांसाठी बायोटिनची गोळी सुरू होते. आपली रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. केस-नखांच्या गोळ्यांमध्ये ते बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम असते, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. अनेक प्रयोगशाळांची यंत्रे हार्मोन मोजताना बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारे स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांची पकड वापरतात. रक्तात बायोटिनचा सुळसुळाट असला की ही पकडच बिघडते आणि टीएसएच खोटा कमी, तर फ्री टी-४ व फ्री टी-३ खोटे जास्त दिसतात. रिपोर्ट हुबेहूब थायरॉइड अतिसक्रिय झाल्यासारखा दिसतो. दुसऱ्या बाजूने, ज्याचा टीएसएच खरोखर ९ आहे त्याचा तो ४च्या आत दिसून खरा आजार झाकलाही जाऊ शकतो. सगळ्या यंत्रांना हा दोष लागू नाही, पण आपल्या प्रयोगशाळेत कोणते यंत्र आहे हे रुग्णाला कुठून कळणार? त्यापेक्षा रक्त देण्याआधी किमान दोन ते तीन दिवस बायोटिन बंद ठेवणे सोपे. मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टनावरही त्याचे प्रमाण वाचून घ्यावे.

आता फेरतपासणी. ताप नाही, भूक परतली आहे, वजन उतरायचे थांबले आहे, स्टिरॉइड संपले आहे, अशी स्थिती आल्यापासून सहा ते आठ आठवडे मोजावेत, रुग्णालयातून सुटल्याच्या दिवसापासून नव्हे. नमुना शक्यतो त्याच प्रयोगशाळेत आणि सकाळी त्याच सुमारास द्यावा. टीएसएच दिवसभर एकसारखा नसतो. मध्यरात्रीच्या आसपास तो सर्वांत जास्त आणि दुपारी सर्वांत कमी असतो. सकाळी आठचा ५.२ आणि दुपारी तीनचा ३.९ एकाच माणसाचे एकाच दिवशीचे असू शकतात. शिवाय प्रकृतीत काहीही बदल नसताना दोन तपासण्यांमध्ये ४० ते ५० टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो. तेव्हा ५.६चा ६.३ झाला म्हणून ‘वाढतोय’ असे म्हणण्यात अर्थ नाही, आणि ६.३चा ५.६ झाला म्हणून समाधान मानण्यातही नाही.

या वेळी टीएसएच, फ्री टी-४ आणि अँटी-टीपीओ प्रतिपिंडे (शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध तयार केलेली) एवढे तीनच मागावेत. अँटी-टीपीओ एकदा पॉझिटिव्ह आली की पुन्हा पुन्हा तपासण्याचे कारण नाही, तिच्या आकड्याच्या चढउतारावर उपचार ठरत नाही. रिव्हर्स टी-३ तपासून काही निष्पन्न होत नाही. मानेला गाठ किंवा सूज हाताला लागत नसेल तर सोनोग्राफीही नको. तीत निरुपद्रवी बारीक गाठी सापडतात आणि मूळ प्रश्न बाजूला पडून नवा घोर लागतो.

अँटी-टीपीओला महत्त्व का, हे इंग्लंडमधल्या विकहॅम येथील दीर्घ पाहणीवरून कळते. तिथल्या रहिवाशांची १९७०च्या दशकात तपासणी झाली आणि वीस वर्षांनी पुन्हा गाठून पाहिले गेले. ज्या स्त्रियांचा टीएसएच वाढलेला होता आणि थायरॉइडविरोधी प्रतिपिंडेही होती, त्यांच्यापैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के जणींना थायरॉइडची उघड कमतरता झाली. नुसताच टीएसएच वाढलेला असेल तर हे प्रमाण २.६ टक्के होते. म्हणजे दोन्ही गोष्टी असल्या तरी शंभरातल्या पंचाण्णव जणी पुढचे वर्ष सुखरूप काढतात. थांबून पाहण्यात धोका किती, हे या आकड्यांवरून जोखावे. आणि ही माणसे आजारातून उठणारी नव्हती, चालती-फिरती होती. आजारातल्या तात्पुरत्या वाढीला तर हे प्रमाण लावताच येत नाही.

दुसऱ्या तपासणीत टीएसएच मर्यादेत आला आणि अँटी-टीपीओ निगेटिव्ह असली तर विषय तिथेच संपला. पॉझिटिव्ह असेल तर वर्षातून एकदा टीएसएच पुरे. १०च्या वर गेला, आणि तोही सुमारे तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा, तर बहुतेक तज्ज्ञ गोळी सुरू करतात आणि ते योग्यच आहे. खरा वाद आहे तो ४.५ ते १० या पट्ट्याचा, फ्री टी-४ व्यवस्थित असताना.

या पट्ट्यात गोळीने बरे वाटते का, हे नीट तपासले गेले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ चाचणीत ६५ वर्षांवरील ७३७ जण होते. त्यांचा टीएसएच सरासरी ६.४ होता आणि वाढ टिकून आहे याची आधी खात्री करून घेतलेली होती. निम्म्यांना थायरॉक्सिन, निम्म्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी. वर्षाअखेर थायरॉक्सिनवाल्यांचा टीएसएच ३.६ वर उतरला, पण थकव्यात आणि इतर लक्षणांत दोन्ही गटांमध्ये फरक पडला नाही. २०१८ मध्ये अशा २१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, निष्कर्ष तोच. त्याच्या पुढच्या वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या तज्ज्ञगटाने प्रौढांमधल्या अशा किरकोळ वाढीला सरसकट गोळी देऊ नये, अशी ठाम शिफारस केली. गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रिया, टीएसएच २०च्या वर असलेले, लक्षणे तीव्र असलेले आणि तिशीच्या आतले तरुण यांना त्यांनी या शिफारशीतून वगळले.

ब्रिटनच्याच नाइस या संस्थेची २०१९ची मार्गदर्शिका किंचित मोकळीक देते. वय ६५च्या आत, लक्षणे आहेत आणि तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा टीएसएच वाढलेला आहे, अशा वेळी सहा महिने गोळी देऊन पाहावी, असे ती म्हणते. हा मार्ग व्यवहारी आहे, मात्र तो प्रयोग म्हणूनच केला पाहिजे. गोळी सुरू करण्याआधी सतावणारी दोन-तीन लक्षणे कागदावर मोजता येतील अशा शब्दांत लिहावीत. ‘थकवा’ असे मोघम नको. ‘दोन जिने चढल्यावर बसावे लागते’, ‘दुपारी झोपल्याशिवाय निभत नाही’, असे. रोज २५ ते ५० मायक्रोग्रॅम, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. त्याच्या आत तपासण्यात हशील नाही, कारण टी-४चे रक्तातले अर्धे आयुष्यच सुमारे सात दिवसांचे आहे आणि पिट्युटरी त्याहून सावकाश स्थिरावते. टीएसएच मर्यादेत आल्यानंतर तीन-चार महिने जाऊ द्यावेत आणि मग तो कागद काढावा. फरक नसेल तर गोळी बंद. ही अखेरची पायरी पहिल्याच दिवशी ठरलेली नसेल तर प्रयोग सुरूच करू नये, असे माझे मत आहे. नंतर ती पायरी कोणी चढत नाही.

सत्तरी-ऐंशीतल्यांसाठी मर्यादाच वेगळी धरायला हवी. वयाबरोबर टीएसएच स्वाभाविकपणे चढतो, ऐंशीपुढच्या निरोगी माणसांत तो ७ ते ७.५ पर्यंत आढळतो. रिपोर्टवर मात्र सर्व वयांना बऱ्याचदा एकच मर्यादा छापलेली असते. या वयात किरकोळ वाढीपेक्षा जास्तीच्या गोळीचे भय मोठे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम पाहणीचा १९९४चा निष्कर्ष असा, की साठीपुढच्या ज्यांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात दहा वर्षांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. हाडांची झीज वेगळीच, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये. ‘कमी डोस आहे, घेतली तर बिघडते कुठे’ हा युक्तिवाद म्हणूनच लंगडा आहे. डोस कमीवर राहत नाही. थकवा गेला नाही की २५चे ५० होतात आणि ५०चे ७५.

आता ज्यांनी थांबायचे नाही त्यांच्याविषयी. गर्भवती आणि गर्भधारणेचे नियोजन करणाऱ्या स्त्रियांना वरचे काहीच लागू नाही; त्यांच्यासाठी मर्यादा वेगळ्या आहेत आणि आठवडे मोलाचे असतात, तेव्हा त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. लहान मुलांचे आणि विशेषतः तान्ह्यांचे तसेच, तिथे उशिराची किंमत मेंदूला मोजावी लागते. फ्री टी-४ स्पष्ट कमी आणि टीएसएच २०च्या वर असेल तर तो आजारातून सावरण्याचा भाग म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइडची शस्त्रक्रिया किंवा रेडिओआयोडीन उपचार झालेले, लिथियम घेणारे, आणि कर्करोगासाठी इम्युनोथेरपी चालू असलेले यांच्यातही किरकोळ वाढ खऱ्या बिघाडाची सुरुवात असू शकते. आणि अंग थंड पडणे, नाडी मंद होणे, चेहरा सुजणे, माणूस गुंगीत जाणे असे काही दिसले तर फेरतपासणीची भाषा सोडून थेट रुग्णालय गाठावे.

एक धोका कमी ठाऊक आहे आणि तो सर्वांत घातक आहे. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टिरॉइड घेतले आणि ते एकदम थांबवले, तर मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी लगेच कामाला लागत नाहीत. त्या तयार करतात ते कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, कमी पडते. अशा माणसाला गळून गेल्यासारखे होते, उभे राहिल्यावर चक्कर येते, मळमळते, रक्तातले सोडियम उतरते. कॉर्टिसॉलच्या कमतरतेत टीएसएचही थोडा वाढू शकतो, म्हणजे रिपोर्ट नेमका ६-७ येतो आणि सगळा ठपका थायरॉइडवर जातो. इथे आधी थायरॉक्सिन दिले तर शरीरातले उरलेसुरले कॉर्टिसॉल आणखी वेगाने खर्च होते, रक्तदाब कोसळतो आणि जिवावर बेतू शकते. म्हणून स्टिरॉइडचा लांब कोर्स नुकताच संपला असेल आणि वरची लक्षणे असतील, तर सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल आधी तपासावे. फ्री टी-४ कमी आणि टीएसएच मात्र वाढलेला नाही, असा रिपोर्ट बरे झाल्यानंतरही टिकला तर पिट्युटरीतला बिघाड डोळ्यांसमोर ठेवावा, आणि तिथेही कॉर्टिसॉलची सोय आधी, थायरॉक्सिन नंतर.

टीएसएच कमी आलेल्यांविषयी थोडक्यात. आजारात तो ०.१ ते ०.४ च्या दरम्यान येणे नवलाचे नाही. थायरॉइड खरेच अतिसक्रिय असेल तर टी-३ बहुधा वाढलेला असतो. नुसत्या आजारपणाने टी-३ कमी असतो. ही एक खूण लक्षात ठेवली तरी थायरॉइड दाबणाऱ्या कार्बिमॅझोलसारख्या गोळ्यांची घाई टळेल. त्या गोळ्यांनी क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटतात, त्या उगाच देण्यासारख्या नाहीत. विषाणूजन्य तापानंतर काही आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या भागात दुखू लागले, कळ कानापर्यंत जाऊ लागली आणि ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) बराच वाढलेला आला, तर ती थायरॉइडची सूज असू शकते. तिच्यात साठलेले हार्मोन फुटून बाहेर येते, नवे तयार होत नसते, म्हणून कार्बिमॅझोल तिथे निरुपयोगी. वेदनाशामके आणि धडधडीसाठी बीटा-ब्लॉकर पुरतात. काही आठवड्यांनी याच आजारात उलट बाजू येते आणि टीएसएच वाढतो. बहुतेकांची ग्रंथी काही महिन्यांत पूर्ववत होते. मध्ये गोळी लागलीच तर ती सहा ते बारा महिन्यांनी उतरवून पाहायची असते.

जे आधीपासूनच थायरॉक्सिन घेत होते त्यांचा टीएसएच आजारानंतर १२ आला, तर डोस वाढवण्याआधी रुग्णालयात गोळी कशी दिली जात होती ते विचारावे. ती उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही खायचे-प्यायचे नाही, कॉफीसुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियम यांच्यात नि तिच्यात चार तासांचे अंतर हवे. रुग्णालयात सकाळच्या सगळ्या गोळ्या एकाच वाटीतून मिळतात, त्यात लोह असते, कॅल्शियम असते, आम्लपित्ताची गोळीही असते, आणि थायरॉक्सिनचा बराच भाग न शोषला जाताच निघून जातो. घरी वेळा सुधारल्या आणि सहा आठवडे गेले की बऱ्याच जणांचा जुना डोसच पुरतो.

थांबण्याच्या काळात करायचे काय, तर थकव्याची इतर कारणे शोधायची. हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या, झोप, नव्याने सुरू झालेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, मनाची उदासी. पंधरा दिवस खाटेवर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू झिजलेले असतात. ते पुन्हा भरायला प्रथिने आणि रोज थोडे थोडे वाढवत नेलेले चालणे लागते. टीएसएचवर सगळे खापर फोडले की हा शोध राहूनच जातो.

ज्यांची गोळी अशाच एखाद्या आजारानंतर सुरू झाली आणि वर्षानुवर्षे चालू आहे, त्यांनी ती परस्पर बंद करू नये, पण जुनी फाइल काढून डॉक्टरांसमोर ठेवावी. गोळी सुरू होण्याआधीचा टीएसएच १०च्या आत होता, तपासणी एकदाच झाली होती, ती आजाराच्या दोन महिन्यांच्या आत झाली होती, अँटी-टीपीओ निगेटिव्ह आहे आणि डोस २५ किंवा ५० मायक्रोग्रॅमच आहे, असे असेल तर गोळी थांबवून पाहण्याचा विषय काढायला हरकत नाही. थांबवल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-४, त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. मधल्या काळात वजन वाढू लागले, बद्धकोष्ठ झाले, थंडी सोसेना, तर तारखेची वाट न पाहता लवकर तपासावे. गर्भधारणेचा विचार असेल, थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा जुना आकडा सापडतच नसेल, तर मात्र ही खटपट तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावी.

आपला,
एक वाचक